वाळू झाडू नये

वाळू झाडायची नसते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तोवर मी ती झाडून मोकळी झाले होते. एकटीने नाही, डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सव्वीस बायका, खराटे, हातमोजे आणि गोण्या घेऊन, एका रविवारी सकाळी नऊ ते एक.

आमच्या महिला मंडळाची दर जानेवारीत सहल जाते. त्या वर्षी टूम निघाली की नुसतं जेवून, गाण्यांच्या भेंड्या खेळून परत येण्यापेक्षा काहीतरी चांगलं काम करू. मी म्हटलं, माझ्या आत्याच्या गावाला चला, किनारा साफ करू. गाव पालघरकडे, समुद्राला लागून. माझ्या लहानपणी ते ठाणे जिल्ह्यातच होतं. आत्याचं घर म्हणजे समुद्राकडचं शेवटचं. घराभोवती थोडी वाडी, वाडीत विहीर, विहिरीच्या पुढे वाळूचा लांबलचक उंचवटा आणि त्याच्या पलीकडे सपाट पुळण. त्या उंचवट्याला गावात वेगळं नाव नाही. ‘वाळूवर जाऊन येते’ म्हटलं की तिथेच. माणसाच्या डोक्याइतका उंच, पाठीवर हिरवी वेल पसरलेली. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचं पाणी गोडं होतं. का गोडं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आम्ही काम चोख केलं. आमच्या बायका दिवाळीला पंख्याची पाती जुन्या टूथब्रशने घासणाऱ्या. बाटल्या, चपला, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, सगळं गोण्यांत भरलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण प्लास्टिक उचलून झाल्यावरही किनारा आम्हाला स्वच्छ वाटेना. वाळलेलं शेवाळ होतं, लाटांबरोबर आलेली लाकडं होती, आणि ती वेल होती. आपट्यासारखी पानं, जांभळी फुलं, आडवीतिडवी कशीही वाढलेली. सोसायटीच्या बागेत आपण तण उपटतो तशी ती आम्ही उपटली. फार चिवट होती. दोघी-तिघींनी मिळून ओढावी लागत होती आणि प्रत्येक ओढीला आम्हाला हसू येत होतं.

आत्या ओट्यावरून बघत होती. तेव्हा तिची सत्तरी उलटली होती. शेवटी उठून आली.

“बाय, बाटल्या न्या, पिशव्या न्या. मर्यादवेल का उपटता?”

“आत्या, त्यात साप होतात. आणि दिसतंय बघ किती घाण.”

“कोणाला?”

“येणाऱ्यांना.”

“येतं कोण इथे?”

मी घड्याळ पाहिलं. मला एकपर्यंत उरकायचं होतं. जेवण सव्वाचं सांगितलं होतं.

गोण्या टेम्पोपर्यंत न्यायच्या तर वाळूचा उंचवटा ओलांडावा लागत होता. उचलून नेणं जमेना, म्हणून आम्ही त्या फरफटत नेल्या. सगळ्या एकाच जागेवरून, कारण एकदा थोडी घळ पडली की पुढची गोणी सोपी जाते. दुपारपर्यंत तिथे कंबरभर खोल, सरळ, सुबक वाट तयार झाली. बसबरोबर आलेल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने त्या वाटेत उभं राहून आम्हा सगळ्यांबरोबर सेल्फी काढला. मागे समुद्र अगदी व्यवस्थित दिसत होता. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आहे. मी तो मुद्दाम काढून टाकू दिलेला नाही.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. गावावरून गेलंही नाही, लांबून समुद्रातून गेलं. पण वारा आणि उधाणाची भरती एकाच दिवशी आले. पाण्याला आमची वाट सापडली. दोन रिक्षा शेजारी शेजारी जातील एवढी त्याने ती रुंद केली आणि तिथून वाडीत शिरून विहिरीत उतरलं.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. आत्याने तुरीची डाळ चुलीवर ठेवली होती.

“सकाळपासून आहे,” ती म्हणाली. “दगड नुसता. खारं पाणी डाळ शिजू देत नाही.”

तिने वेलीचा विषय काढला नाही. मीच काढला, कारण कोणीतरी काढायलाच हवा होता. “आम्ही पाडलेल्या वाटेने आलं ना?”

“पाण्याला वाट कोणी पाडली ते काय ठाऊक. दिसली, आलं.”

तिचा मुलगा, म्हणजे माझा आत्येभाऊ, कळव्याला राहतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, स्वभावाने चांगला, आणि चांगल्या माणसांना जी घाई असते ती त्याला भरपूर. तो म्हणाला, “आई, आता बस झालं. सामान बांध. माझ्याकडे चल.”

आत्या एकदा त्याच्याकडे राहायला गेली होती. नऊ दिवसांत परत आली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतली बाई दिवसभर हिच्याकडे बघते, एवढंच कारण तिने सांगितलं होतं. पण आता विहीर खारी झाली होती आणि प्यायचं पाणी शाळेजवळच्या नळावरून आणावं लागत होतं. तिचे गुडघे तिच्या बाजूने नव्हते. तिने थोडा विचार केला आणि मुदत ठरवली.

“हा पावसाळा जाऊ दे, पुढचाही सरत येऊ दे. पुढच्या वर्षी गौरीच्या जेवणाची डाळ माझ्या विहिरीच्या पाण्यात शिजली नाही तर येते. तोवर तू मला सांगायचं नाही आणि मी तुला नाही.”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण वाट माझी होती.

ठाण्याला नौपाड्यात माझं साड्यांना फॉल-पिको करण्याचं दुकान आहे. दोन मशिनं, एक कपाट, एक टेबलफॅन आणि गिऱ्हाइकांना बसायला बाकडं. त्या बाकड्यावर बसून मला जे ज्ञान मिळतं ते दुसरीकडे कुठे मिळालं नसतं. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना मी सगळं सांगितलं. वेल उपटली हे सांगताना आवाज लहान केला नाही. त्यांनी डोक्याला हात लावला नाही, हे त्यांचे उपकार.

“तुमच्या आत्याची विहीर गोडी होती ती त्या वाळूमुळे,” त्या म्हणाल्या. “पावसाचं पाणी वाळूत मुरून साठतं. ते गोडं पाणी खालच्या खाऱ्याला दाबून धरतं. आता पंप लावून उपसत बसू नका, खालचं खारं वर ओढलं जाईल. पावसाला त्याचं काम करू दे. तुम्ही फक्त समुद्र पुन्हा आत येणार नाही एवढं बघा.”

“भिंत घालून?”

“वाळू घालून.”

“एवढी वाळू आणायची कुठून?”

“आणायची नाही. वारा आणतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा कोरडी वाळू उडते. तिला थांबायला जागा हवी. वेल तेच करत होती. वेल पुन्हा लागेपर्यंत कुंपण घाला. पण बंद नको. अर्धं मोकळं, अर्धं बंद. वारा आरपार गेला पाहिजे, फक्त दमून.”

त्या साडी फॉलला टाकून गेल्या. मी त्या दिवशी दुकान बंद करेपर्यंत दमलेल्या वाऱ्याचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा फरशीवर पांढऱ्या रांगोळीची पुडी ओतली, टेबलफॅन जमिनीवर ठेवला आणि दोन बॉबिनच्या खोक्यांमध्ये कापडाचे तुकडे ताणून लावून बघायला सुरुवात केली. पॉलिएस्टर लावलं: रांगोळी कापडावर आपटून बाजूने सुसाट गेली, आणि कापडाच्या पायथ्याशी फरशी पुसल्यासारखी लख्ख. जॉर्जेटचंही तेच. नेटची साडी लावली, तर सगळी रांगोळी तिच्यातून निघून मशिनखाली गेली. मग कचऱ्याच्या टोपलीतून एक सुती तुकडा काढला. आहेराच्या साडीचा.

आहेराची सुती साडी म्हणजे काय ते फॉल-पिकोवालीइतकं कोणाला माहीत नसतं. दुकानात कडक, चकचकीत, घडीवर घडी बसलेली. सगळी ऐट खळीची. एकदा धुतली की खळ जाते आणि हातात मच्छरदाणी उरते. म्हणून ती कोणी नेसत नाही. एका लग्नात येते, दुसऱ्या लग्नात जाते. घडी मोडली तर पुढे देता येणार नाही म्हणून कोणी घडीही मोडत नाही. नौपाड्यातल्या, डोंबिवलीतल्या प्रत्येक घरात कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर अशा आठ-दहा साड्या पुढच्या लग्नाची वाट बघत पडलेल्या असतात.

तो तुकडा धुऊन, वाळवून लावल्यावर रांगोळी त्याच्यातून गेली, आणि मागे हळूच खाली बसली. दहा मिनिटांत बोटभर उंच रांग तयार झाली. सरळ आणि नीट. मी फॅन बंद केला आणि दारावर पाटी लावली: ‘आहेराच्या सुती साड्या स्वीकारल्या जातील. नेसलेल्या चालतील. न नेसलेल्या जास्त चालतील.’

साड्या आल्या. लाज वाटावी इतक्या आल्या.

“कोऱ्या आहेत हो,” एक बाई म्हणाल्या. “घडीसुद्धा मोडलेली नाही.”

“का नाही मोडली?”

“मोडण्यासारख्या नव्हत्या.”

“मग आलेल्या तेव्हा छान म्हणून कशा घेतल्यात?”

“तुम्ही काय म्हणता मग, परत द्यायच्या?”

एका साडीला मी ओळखलं. रंग पोपटी, काठ जांभळा, आणि पदराला पिको माझ्या हाताचा. मी तो कुठेही ओळखेन, कोपऱ्यावर मी दोन टाके जास्त घेते. तीन वर्षांपूर्वी मीच ती माझ्या नणंदेला दिली होती, चांगली म्हणून. नणंद बदलापूरला राहते. साडी मला कळव्याहून आली. मधली घरं किती, ते मी विचारलं नाही. नणंदेला फोन मात्र केला. ती म्हणाली, “वहिनी, तुम्ही पाठवलेली म्हणूनच इतकी फिरली. टिकाऊ होती.”

पहिल्या बारा साड्या मी न धुताच लावल्या, कारण आमच्या सेक्रेटरीने गच्चीवर साड्या वाळत घालायला मनाई केली. गच्ची सर्वांची आहे म्हणाला. मी घाईत होते. म्हटलं, खळ तिथे दंवाने निघेल. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत बांबू ठोकले, साड्या ताणल्या, आणि दुपारी वारा सुटल्यावर सगळ्या शिडासारख्या फुगल्या. संध्याकाळपर्यंत सात बांबू आडवे. पायथ्याशी वाळू साठायची सोडून खड्डे पडले. घळ होती त्याहून खोल झाली. पुढच्या वळणावर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावरचे पुरुष बघायला आले होते.

“समुद्राची ओटी भरताय काय, ताई?”

“भरतेय. तुमच्या घरून खण-नारळ आला नाही अजून.”

“नारळ देतो. पण ह्या साड्या समुद्र नेसायचा नाही. त्याला भरजरी लागतात.”

हसले सगळे. हसू दे. मी पडलेल्या साड्या गोळा केल्या, बॅगेत कोंबल्या आणि डोंबिवलीला येऊन सरळ गच्चीवर गेले. सेक्रेटरी जिन्यात भेटला.

“मॅडम, ठराव झालाय.”

“किनारा झाडायचाही ठराव झाला होता. फोटोत तुम्ही हसताय. दाखवू का?”

त्या रविवारी चाळीस साड्या धुऊन गच्चीवर वाळल्या. कोणी खाली काढल्या नाहीत. उलट सहलीला आलेल्या बायकांपैकी सात-आठजणी वर आल्या आणि पिळायला बसल्या. त्यांना मी काही समजावलं नव्हतं. त्यांच्या मनात ती वेल असणार. आपण एखादी गोष्ट हसत हसत उपटली हे पटकन विसरलं जात नाही.

साडीला दर चार हातांवर मी बांबूसाठी उभी नळी शिवली, परकराला नाडीची शिवतो तशी, फक्त रुंद. साडी पन्ह्याइतकी उंच उभी राहायची, कंबरेच्या जरा वर. घळीच्या तोंडावर एक रांग, दहा पावलं मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. ह्या वेळी वारा सुटला तेव्हा साड्या फुगल्या नाहीत. थरथरल्या फक्त. मागच्या बाजूला जाऊन मी हात धरला तर वाळू तळहातावर मऊ पडत होती.

पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही. मी शनिवारी दिवा–वसई गाडीने जायचे, रविवारी रात्री परत. दुसऱ्या आठवड्यात पायाच्या घोट्याइतका उंचवटा आला. मार्चअखेर गुडघा. एप्रिलच्या मध्यावर पहिल्या रांगेची नुसती काठाची पट्टी वर राहिली होती, पोपटी-जांभळी, माझ्या नणंदेची. मी तिच्यावर नवी रांग ठोकली. टपरीवरचे आता हसत नव्हते, पैज लावत होते. त्यातला एक तर येता-जाता सैल झालेले बांबू ठोकून ठेवायला लागला. विचारलं तर म्हणायचा, पैज जिंकायचीय.

त्याच दिवसांत आमच्या गच्चीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मर्यादवेलीच्या कांड्या लावल्या होत्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला वेल शिल्लक होती, तिथून आत्याने कापून दिल्या. ह्या वेलीला प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. दोन महिन्यांत ती पिशव्या सोडून पाण्याच्या टाकीवर चढली आणि तिथून सेक्रेटरीच्या डिश अँटेनाकडे निघाली. तो तक्रार घेऊन आला. मी कात्री दिली आणि सांगितलं, कापा, पण तुकडे मला द्या, प्रत्येक तुकडा लागतो.

मे महिन्यात डंपर आले.

मी त्या दिवशी गावातच होते, हा निव्वळ योगायोग. दुपारी जेवून उठलो तर वाडीच्या बाजूच्या रस्त्याने दोन डंपर येताना दिसले. पुढे मोटारसायकलवर माझा आत्येभाऊ. कल्याणला एक जुनी बिल्डिंग पाडली होती. तिचं डेब्रिज कुठेतरी टाकायचंच होतं, त्याने ओळखीतून इकडे वळवलं. पंचायतीतल्या एकाने मान हलवली होती. वाईट हेतू नव्हता. पावसाला महिना उरला होता आणि त्याला आईची काळजी होती.

मी जाऊन घळीच्या तोंडावर उभी राहिले. साड्या माझ्या पाठीशी.

“ताई, बाजूला हो. दोन गाड्या रिकाम्या केल्या की विषय संपला.”

“विहीर संपेल.”

“कशी संपेल? दगड, सिमेंट आहे. साड्यांपेक्षा पक्कं आहे ना?”

“पक्कं आहे म्हणूनच. लाट त्याच्यावर आपटेल आणि परत जाताना पुढची वाळू घेऊन जाईल. मग दोन्ही टोकांनी आत येईल. खाडीपलीकडच्या गावात धूपप्रतिबंधक बंधारा घातलाय, जाऊन बघ. दगड आहेत. पुळण नाही. मुलं क्रिकेट रस्त्यावर खेळतात.”

“तू इंजिनियर कधी झालीस?”

“किनारा मी बिघडवला तेव्हा. तू किनाऱ्याला हात लावला नाहीस अजून. लावू नकोस.”

“आणि ह्या वर्षी पाणी आलं तर? तुझ्या साड्या नेसून बसू आम्ही?”

“आलं तर तुझी आई तुझ्याकडे येईल. तिने सांगितलंय. मुदत गौरीपर्यंत आहे, मेपर्यंत नाही.”

पुढच्या डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. “मॅडम, मला पुढे भाडं आहे. टाकू की नको?”

मी पर्समधून कागद काढला. कोणी भराव टाकेल ह्या धास्तीने, पुळणीवर राडारोडा टाकायला बंदी आहे, हे मी मार्चमध्येच तहसील कार्यालयाला लिहून कळवलं होतं. वाळूवर कुंपण घालतेय हेही. उत्तर आलं नव्हतं, पण माझ्या प्रतीवर पोच होती, शिक्क्यासकट. दुकान चालवणारी बाई पोच घेतल्याशिवाय कुठून हलत नाही. ड्रायव्हरने कागद वाचला नाही, शिक्का पाहिला. शिक्का पुरतो.

तेवढ्यात आत्या आली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात सुपात निवडायची भाजी. तिने पाट डंपरच्या पुढच्या चाकापासून चार हातांवर, वाळूत मांडला, बसली आणि माठ निवडायला लागली. मुलाकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरला म्हणाली, “बाबा, चहा टाकायला सांगू? परतीचा रस्ता लांब आहे.”

भाऊ मोटारसायकल स्टँडला लावून तिच्याजवळ आला. मग म्हणाला, “आई, ऊन किती आहे. डोक्यावर पदर तरी घे.”

“घेते. तू गाड्या फिरव.”

डंपर वळवताना मागच्या चाकाखाली वाडीची एक केळ गेली. तेवढंच नुकसान. चहा मात्र दोन्ही ड्रायव्हरांनी घेतला.

जूनचे पहिले पाऊस पडल्यावर आम्ही सात-आठजणी वेल घेऊन गेलो. त्याच बायका, त्याच बसमधून. साड्यांच्या मागे वाळू छातीपर्यंत आली होती. पूर्वीइतकी नाही. तिच्या पाठीवर हातभर खोल खड्डे करून आम्ही कांड्या लावल्या, पिशव्या मोजून परत आणल्या. कोणी खराटा आणला नव्हता. जाण्या-येण्यासाठी आत्याने एक तिरकी वाट आखून दिली. समुद्राच्या समोर सरळ वाट काढायची नाही, पाण्याला दिसता कामा नये, असं तिचं म्हणणं. कॉलेजातल्या बाईंनी नंतर सांगितलं की पुस्तकातही हेच लिहिलंय. आत्याने विचारलं, पुस्तकाला कोणी सांगितलं.

श्रावणातल्या पौर्णिमेचं उधाण. अशा दिवशी आमच्याकडे मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. मी दुकान बंद ठेवून गेले. गावाने नारळ आदल्या दिवशीच्या भरतीला वाहिले होते, आता वारा आडवा होता आणि पाणी मातकट. साडेअकराला पहिली लाट पहिल्या रांगेला लागली. पंधरा मिनिटांत ती रांग गेली. बांबू वाकले, साड्या पाण्यात दिसल्या आणि दिसेनाशा झाल्या. दुसरी रांग गेली. वाळूचा पुढचा उतार पाणी ओरबाडून नेत होतं, मोठ्या फोडीच्या फोडी तुटून पडत होत्या. मी आणि आत्या विहिरीच्या कठड्याला धरून उभ्या. मी मनात हिशेब करत होते, कळव्याला किती सामान जाईल. चूल जाणार नाही. पाट जाईल.

साडेबाराला लाट वाळूच्या माथ्यापर्यंत आली, वेलीच्या पहिल्या पानांवर फेस टाकला आणि परत फिरली. पुढची त्याच्या खाली राहिली. पुढची त्याच्याही खाली.

आत्या म्हणाली, “चल, भात टाकू.”

वाळू अर्धी गेली होती. पण गेलेली वाळू लांब जात नाही. पावसाळ्यात समुद्र ती समोर पाण्यात ठेवतो आणि शांत झाला की पुळणीवर परत आणतो. उरलेलं काम वाऱ्याचं. सिमेंट गेलं तर असं परत येत नाही. हे मी आता कोणालाही उभ्या उभ्या समजावते, दुकानात, बसमध्ये, सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर नसतानाही. सुती साड्या वाळूत कुजतात, म्हणून पॉलिएस्टर कोणी फुकट दिलं तरी घेत नाही. वाहून आलेले तुकडे आणि बांबू मात्र आम्ही किनाऱ्यावरून वेचून आणले. पसारा आपला होता.

गौरीच्या जेवणाला भाऊ आला. बरोबर दोन रिकाम्या बॅगा आणि खिशात पाणी तपासायचा मीटर. त्याने विहिरीतून पाणी काढलं, मीटर बुडवला आणि आकडा मला दाखवला. “खार अजून जास्त आहे, ताई.”

“मग मीटरला वाढ जेवायला,” आत्या चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

डाळ तिने पातेल्यात चढवली होती. कुकर नको, तिचीच अट. अकरा वाजता चढवली. बाराला झाकण काढून एक दाणा बोटांत दाबला, तो फुटला नाही. तिने झाकण ठेवलं. भावाने मोबाइल उलटा करून ठेवला. मी नारळ खवायला घेतला आणि गरजेपेक्षा जास्त खवला. पाऊणला तिने पुन्हा झाकण काढलं, दाणा दाबला, मग पळी घातली आणि घोटायला लागली.

“आधीसारखी नाही,” ती म्हणाली. “तेव्हा अर्ध्या तासात व्हायची. पण शिजली.”

भावाने वरण दोनदा मागून घेतलं. नुसती वाटी पुढे केली. जाताना त्या बॅगांत आत्याने नारळ भरले, केळी भरली, वरून माठाच्या दोन जुड्या ठेवल्या. बॅगा उचलताना तो वाकडा झाला.

मागच्या आठवड्यात ठाण्याहून एका सोसायटीचा फोन आला. किनारा साफ करायला यायचंय, पन्नास माणसं आहेत. मी या म्हटलं. प्लास्टिक उचला, तिरक्या वाटेने जा, बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि खराटे बसमधून खाली उतरणार नाहीत. ते म्हणाले, मग साफ झाल्यासारखं दिसणार कसं. मी म्हटलं, नाही दिसणार.

दोन रांगा नव्याने घालायच्या आहेत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल, आहेर निघतील. पाटी मी दारावरून काढलेली नाही.